आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : शांत करणाऱ्या गोळ्या, घ्याव्यात कशा आणि सोडाव्यात कशा

या महिन्यात इंदूरहून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे बेन्झोडायझेपिन या एकाच औषधगटाविषयी आहेत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोबाझाम ही या गटातील आपल्याकडे नित्य लिहून दिली जाणारी नावे. तिन्ही पत्रलेखकांची अडचण वेगवेगळी असल्यामुळे उत्तरेही स्वतंत्र दिली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय 68 आहे. सहा वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हा त्यांना झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलामची 0.5 मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. पुढे ती चिठ्ठी कोणी पाहिली नाही आणि गल्लीतल्या दुकानातून दर महिन्याला पट्ट्या येत राहिल्या. गेल्या महिन्यात आम्ही लग्नासाठी उज्जैनला गेलो आणि गोळ्यांची स्टीलची डबी देवघरापाशीच राहिली. दुसऱ्या रात्री त्यांना मुळीच झोप आली नाही आणि तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरू लागले, की चहाची बशी धरवेना. घाम फुटला, भिंतीवर मुंग्या दिसतात असे म्हणू लागल्या. गोळी आणून दिल्यावर तासा-दीड तासात त्या शांत झाल्या. नातेवाईक म्हणतात, हे व्यसन आहे, डबी फेकून द्या. काय करावे? (एक सूनबाई, रामबाग, इंदूर)

उत्तर : डबी फेकू नका. या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच असल्याने ती प्रथम सांगितली. सहा वर्षे रोज घेतलेली ही गोळी एकाएकी थांबवली, तर थरथर, घाम, निद्रानाश, भास यांपुढे जाऊन, पूर्वी कधीही फिट आली नसतानाही फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. उज्जैनला जे घडले, ती त्याचीच सुरुवात होती. गोळी वेळेवर मिळाली हे फार चांगले झाले.

असे का होते, ते समजून घेतले तर घरातील भीती आणि राग दोन्ही कमी होतील. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते आणि त्याचे काम गाडीच्या ब्रेकसारखे असते, म्हणजे पेशींची धावपळ आवरण्याचे. बेन्झोडायझेपिन स्वतः ब्रेक दाबत नाही, तर गाबाने दाबलेला ब्रेक अधिक जोराने लागेल अशी सोय करते. म्हणूनच एकाच गटाच्या औषधाने चिंता कमी होते, झोप लागते, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि फिटही थांबते. परंतु ही बाहेरची मदत महिनोन्महिने मिळत राहिली, की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि त्याचा स्वतःचा ब्रेक मंद होतो. अशा वेळी गोळी अचानक काढून घेतली, तर उतारावर ब्रेक नसलेल्या गाडीसारखी अवस्था होते. अल्प्राझोलाम शरीरातून तुलनेने लवकर निघून जाते. निरोगी प्रौढ व्यक्तीत साधारण 11 तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. त्यामुळे त्याचा अभाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जाणवतो.

नातेवाइकांनी वापरलेला शब्द मला मान्य नाही. सासूबाईंनी मात्रा स्वतःहून वाढवली नाही, चोरून घेतली नाही, नशेसाठी घेतली नाही. त्यांच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे आणि ती त्यांना दिलेली गोळी इमानाने घेतल्यामुळेच झाली आहे. या वयात पती गेल्याच्या दुःखावर दिलेल्या गोळीबद्दल त्यांना टोमणे ऐकावे लागू नयेत, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

तरीही गोळी कमी करण्याचा विचार अवश्य करावा. साठी-पासष्टीनंतर ही औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात, रात्री स्नानगृहाकडे जाताना तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, आणि पुष्कळदा घरच्यांना जे वयोमानाचे विस्मरण वाटते, त्यात या गोळीचाही वाटा असतो. कमी करण्याचा मार्ग हळूहळू उतरण्याचा आहे. सर्वसाधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या 5 ते 10 टक्के इतकीच कपात सुचवली जाते, आणि सहा वर्षांच्या सवयीला कित्येक महिने, क्वचित वर्षही लागू शकते. शेवटचा टप्पा बहुधा सर्वांत अवघड जातो. एखाद्या कपातीनंतर त्रास फार झाला, तर तेथेच काही आठवडे थांबायचे असते आणि त्यात हार मानण्यासारखे काही नसते. गोळीचे तुकडे किती आणि कसे करायचे, की दुसऱ्या औषधावर नेऊन मग उतरवायचे, हे मनोविकारतज्ज्ञांनी त्यांची प्रकृती, मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या आणि इतर औषधे पाहून ठरवावे. घरी आपण एक काम करू शकता : भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजची मात्रा आणि झोपेचे तास पेन्सिलीने लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या नोंदींचा फार उपयोग होतो. सासूबाई एकट्या पडल्या आहेत का, दुपारी किती झोपतात, संध्याकाळी चहा किती वाजता घेतात, याकडेही लक्ष द्या. सहा वर्षांपूर्वीच्या त्या रात्रींबद्दल त्यांच्याशी कोणी बोलले आहे का, हा प्रश्नही मला महत्त्वाचा वाटतो.

दुकानाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे शेड्यूल एच-1 या यादीत आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. हा नियम पाळला गेला असता, तर पंधरा दिवसांची गोळी सहा वर्षे चालली नसती.

प्रश्न : वय 26, विजयनगरमध्ये नोकरी. दोन महिन्यांपूर्वी राजवाड्याच्या गर्दीत अचानक छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, आता मरतो असे वाटले. तपासणीत ईसीजी व थायरॉइड नॉर्मल निघाले. डॉक्टरांनी एसिटालोप्राम रोज आणि क्लोनाझेपाम 0.25 दोन आठवड्यांसाठी दिले. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढली, म्हणून एसिटालोप्राम मीच बंद केले. क्लोनाझेपामने मात्र बरे वाटते, म्हणून पाच आठवडे झाले तरी बाहेर पडताना ती घेतोच आणि एक खिशात ठेवतो. शनिवारी मित्रांबरोबर बिअर होते. यात काही चुकते आहे का? (एक तरुण वाचक, इंदूर)

उत्तर : होय, आणि वेळीच विचारलेत हे बरे केले. आपण थांबवायचे औषध चालू ठेवले आहे आणि चालू ठेवायचे थांबवले आहे. पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या, विकारावर एसिटालोप्रामसारखी औषधे हा मुख्य उपचार आहे, पण त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते. तेवढे दिवस निभावून नेण्यासाठीच बहुधा क्लोनाझेपाम जोडीला दिले जाते. एसिटालोप्राम पुन्हा सुरू करायचे असल्यास डॉक्टरांना भेटून, कदाचित कमी मात्रेपासून, सुरू करावे. पाच आठवड्यांच्या क्लोनाझेपामलाही एकदम रजा देऊ नये.

खिशातल्या गोळीविषयी एक निरीक्षण नोंदवतो. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि नंतर आपोआप ओसरू लागतो. गिळलेल्या गोळीचा परिणाम जाणवायला बहुधा अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे पुष्कळदा झटका स्वतःच ओसरलेला असतो आणि श्रेय मात्र गोळीला मिळते. मग गोळी खिशात नसली, तर पाय घराबाहेर पडत नाही. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या उपचारात, नेमके हेच शिकवतात, की धडधड वाढू द्यावी, पळ काढू नये, ती उतरते हे स्वतः पाहावे. राजवाड्यावर आधी सकाळी सातला, रिकाम्या चौकात, दहा मिनिटे उभे राहून यावे, नंतर हळूहळू गर्दीच्या वेळेकडे सरकावे. समुपदेशकांच्या मदतीने हे अधिक चांगले जमते. बाणगंगा येथे शासकीय मानसिक रुग्णालय आहे आणि 14416 या टेली-मानस (मानसिक आरोग्याची शासकीय दूरध्वनी सेवा) क्रमांकावरही निःशुल्क बोलता येते.

बिअर मात्र या गोळीबरोबर नकोच. दोन्ही मेंदूला आणि श्वसनाला मंद करतात आणि एकत्र आल्यावर परिणाम धोकादायक होऊ शकतो. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनेची व खोकल्याची औषधेही याच कारणाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळी घेऊन दुचाकी चालवणे टाळावे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट येतात. तिला इतर औषधासोबत रात्री क्लोबाझाम आणि गरजेसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला आहे. ही नशेची औषधे आहेत असे कोणीतरी सांगितल्याने आम्ही चार दिवस क्लोबाझाम दिले नाही. स्प्रे वापरायलाही भीती वाटते. (एक आई, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : चार दिवस औषध बंद होते, ही गोष्ट आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि ते पुन्हा कसे सुरू करायचे, तेही विचारा. फिटच्या आजारात क्लोबाझाम महिनोन्महिने, पूर्ण विचारान्ती दिले जाते. वरच्या दोन पत्रांतील सल्ला आपल्या मुलीला लागू करू नका. क्लोबाझाम अचानक थांबवणे म्हणजे फिटला निमंत्रण आहे.

फिट आली की प्रथम घड्याळ पाहा. मुलीला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांहून अधिक चाललेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि स्प्रे त्या वेळेसाठीच आहे, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत तो निःशंकपणे वापरा. त्यानंतर ती झोपाळू होईल. श्वास नीट चालू आहे ना, हे पाहत तिच्याजवळ बसून राहा. फिट थांबली नाही, लगेच दुसरी आली किंवा श्वास अडखळला, तर 108 वर फोन करा.

एक स्प्रे घरी आणि एक शाळेत वर्गशिक्षिकेकडे असावा. त्याच्यासोबत मात्रा आणि “पाच मिनिटे” हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद ठेवा, आणि बाटलीवरची मुदत संपण्याची तारीख दर तीन महिन्यांनी पाहून घ्या.