दुःखाच्या घरी काम करताना

अगं, घाबरू नकोस. तू कामाला जातेस त्या घरचे आजोबा गेले म्हणून काम सोडायचं कारण नाही, तुला जमेल. हे 13 दिवस एवढंच सांभाळ:

- त्यांची कुठलीही वस्तू आपणहून हलवू नकोस. चष्मा, गोळ्यांचा डबा, घडी मोडलेला पेपर. नव्या मुली नेमक्या इथेच चुकतात. घर लख्ख करायच्या नादात उशीचा अभ्रा धुऊन टाकतात, आणि आजींना तर त्याचाच वास हवा असतो. आधी विचार, मग हात लाव.
- सुतकाची रीत घरागणिक वेगळी. बऱ्याच घरी फोडणी देत नाहीत, गोड करत नाहीत. दिव्याजवळ झाडायचं तेही विचारून.
- चहा मात्र न विचारता ने. मोठ्या घरात भेटायला आलेल्यांची सरबराई होते, घरची माणसं उपाशी राहतात.

घरातलं रडणं वॉचमनपाशी बोलू नकोस. वहिनी एखाद्या वेळी चिडल्या तर सोडून दे. रोजचा अपमान मात्र सोसायचा नाही.

आजोबांना तूच भरवायचीस ना? मग तुलाही रडू येणार. येऊ दे. रजेचं आणि पगाराचं तेराव्यानंतर बोल, पण बोल नक्की.