एन्स्खेडेला निघण्याआधी: मुलीशी कोणत्या भाषेत बोलाल?

तुम्ही दोघं धुळ्याचे. ऑगस्टमध्ये चार वर्षांच्या मुलीला घेऊन नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेला निघालात. तुम्ही विचारलंत, इंग्रजीवर भागेल का, तिकडची डच वेगळी असते म्हणतात ते खरं का, मुलीला शाळेत जड जाऊ नये म्हणून घरी काय बोलावं, आणि एकटेपणा येतो का. जाता जाता हेही लिहिलंत की तुम्ही एकमेकांशी अहिराणी बोलता, मुलीशी मात्र मराठी आणि इंग्रजी. ते एक वाक्य वाचलं आणि दोन दिवस हे उत्तर माझ्या डोक्यात घोळतंय.

मी कुडाळची. 2008 पासून याच भागात, म्हणजे ट्वेन्तेत राहते. व्हिसा, विमा, घरभाडं हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीत आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. एका कागदाबद्दल मात्र बोलते. माझ्या जन्मदाखल्यावर फक्त माझं नाव होतं. वडलांचं नाव वेगळ्या रकान्यात, आडनाव कुठेच नाही, आणि सगळं मराठीत. पासपोर्टवरचं नाव आणि हे नाव एकाच बाईचं आहे, हे इथल्या नगरपालिकेला पटवून देण्यात सात महिने गेले. अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारतात तो शिक्का, झालं, मग शपथबद्ध अनुवादक शोधला, मग कळलं की शिक्का अनुवादाआधी हवा की नंतर यावर दोन खिडक्यांची दोन मतं आहेत. आजही तो हिरवा फोल्डर कपाटात दिसला की माझं डोकं तापतं.

त्याच खिडकीपाशी मी पहिल्यांदा इथली बोली ऐकली. माझ्या पुढे एक म्हातारबाबा होते. खिडकीतली बाई त्यांच्याशी हसून काहीतरी बोलत होती आणि मला एक शब्द कळेना. डचचा पहिला वर्ग मी तेव्हा पूर्ण केला होता, म्हणून जास्तच घाबरले. माझी पाळी आली तेव्हा ती सावरून बसली आणि पुस्तकातली डच बोलायला लागली. आधी बोलत होती ते ट्वेन्त्स. इथली माणसं त्याला नुसतं 'प्लाट' म्हणतात.

तर हो, वेगळी असते. पण ती बिघडलेली डच नाही. ग्रोनिंगन, ड्रेन्ते, ओव्हरएइसल आणि गेल्डरलंडचा पूर्व भाग इथल्या बोलींना मिळून नेडरसाक्सिस म्हणतात, आणि त्यांची नाती सीमेपलीकडच्या उत्तर जर्मनीतल्या बोलींशी आहेत. डचमध्ये घर म्हणजे 'हाउस', इथे 'हूस'. वेळ म्हणजे 'टाइट', इथे 'टीट'. पश्चिमेकडे जुन्या लांब स्वरांची मोडतोड झाली आणि तीच पुढे प्रमाण भाषेत गेली. इथे जुने स्वर राहिले. जेवणं या क्रियापदाला वर्गात तुम्हाला 'एटऽ' शिकवतील, शेवटचा न खाऊन. इथे न राहतो आणि मधला स्वर खातात, 'एट्न'. पहिले सहा महिने कान गोंधळतात, घाबरू नका. भेटल्यावर 'मोय' म्हणतात, निघताना 'गूडगोअन', म्हणजे नीट जा. हे दोन शब्द विमानात बसण्याआधीच पाठ करा.

दक्षिणेत गेलात तर ब्राबांतमध्ये निघताना 'हौदू' ऐकाल आणि घशातला तो खरखरीत ख तिथे मऊ होतो. लिम्बुर्गमध्ये तर काही शब्दांचं एकवचन-अनेकवचन फक्त सुरावरून ओळखतात. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातली फ्रिसियन ही मात्र बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे, आणि त्या लोकांनी ती भांडून टिकवली. कोर्टात फ्रिसियन चालत नव्हती. त्यावरून 1951 च्या नोव्हेंबरात लेउवार्डनमध्ये पोलिसांनी लोकांवर लाठ्या चालवल्या, आणि 1956 मध्ये कायद्याने कोर्टात तिला जागा मिळाली. 1980 पासून त्या प्रांतात प्राथमिक शाळेत ती शिकवावीच लागते. ट्वेन्त्सच्या वाट्याला असं काही आलं नाही. नेडरसाक्सिसला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता आहे, पण फ्रिसियनइतकं बळ त्या मान्यतेत नाही.

आता शाळेचं.

आम्ही आलो तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. तिसऱ्या महिन्यात बाईंनी बोलावलं आणि प्रेमाने सांगितलं, घरी डच बोला, तिचे शब्द कमी पडतायत. आमची स्वतःची डच मोडकी. तरी आम्ही ऐकलं. जेवताना, अंघोळ घालताना, झोपवताना, त्या मोडक्या डचमध्ये मी तिच्याशी बोलले. अंगाईसुद्धा बंद केली. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

इथे बाराव्या वर्षी, आठव्या गटात, पुढची वाट ठरते: व्हीएमबीओ (व्यवसायशिक्षणाची), हावो (मधली) की व्हीडब्ल्यूओ (विद्यापीठाची). तिचं वर्ष 2014-15. नेमकं त्याच वर्षापासून शिक्षकांचा सल्ला परीक्षेच्या आधी आणि परीक्षेपेक्षा वरचढ झाला. सल्ला आला व्हीएमबीओचा. परीक्षेत ती हावोच्या वर गेली. नियम असा होता की शाळेने फेरविचार करायचा, बदल करायलाच हवा असं नव्हतं. शाळेने फेरविचार केला आणि बदल केला नाही. कारण लिहिलं, 'घरची भाषा'. घरची भाषा तर त्यांनीच ठरवून दिली होती. आता नियम सुधारलाय, निकाल वरचा आला तर सल्ला सहसा वर न्यावाच लागतो. तुमच्या मुलीची वेळ येईल तेव्हा हे लक्षात ठेवा, आणि तेव्हा आमच्यासारखं गप्प बसू नका.

त्या संध्याकाळी शेजारीण आली. तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. इथे 'नोअबरस्खाप' म्हणून रीत आहे, आपला शेजारधर्मच, जन्म-मरणाला शेजाऱ्याने उभं राहायचं. माझं ऐकून ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, मी शाळेत गेले तेव्हा मला फक्त प्लाट येत होतं. बाई म्हणाल्या, नीट बोल. म्हणून मी माझ्या मुलांशी कधीच प्लाट बोलले नाही, ती मागे पडू नयेत म्हणून. आता भावाशी फोनवर बोलते तेवढंच.

ऐकताना मला पुण्याचं कॉलेज आठवलं. माझ्या मालवणी हेलाला वर्ग हसला होता, आणि मी वर्षभरात तो पुसून टाकला. मुलीशी मी मालवणी कधीच बोलले नव्हते. शाळेने मराठी बंद करायला सांगण्याच्या कितीतरी आधी मी स्वतः एक भाषा बंद केली होती. शाळेवर रागावताना हे मला सोयीस्करपणे विसरता येतं.

मुलगी जास्तीची वर्षं घालवून तिला हवं तिथे पोचली, नर्स झाली. वृद्धांच्या वॉर्डात काम करते. स्मृती गेलेली माणसं डच विसरतात आणि लहानपणीचं प्लाट बोलायला लागतात, म्हणून तिने ते त्यांच्याकडून उचललं. एका आजीचे केस विंचरताना ती ट्वेन्त्समध्ये गप्पा मारत होती, ते मी दारातून पाहिलं. रविवारी माझी आई फोनवर विचारते, "कशी आसस गो?" मुलगी म्हणते, "बरी आहे, आजी," आणि फोन माझ्याकडे देते.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त येतो. सायकल घ्या, दिवसाउजेडी बाहेर पडा, शेजाऱ्यांच्या दाराची घंटा तुम्हीच आधी वाजवा.

इंग्रजीवर दुकान आणि ऑफिस भागतं. पालकसभा आणि शाळेची पत्रं भागत नाहीत. डच तुम्ही दोघं वर्गात जाऊन शिका. लोक इंग्रजीकडे वळले तरी तुम्ही डच सोडू नका. मुलगी ती शाळेत तुमच्याआधी शिकेल, त्याची काळजी नको. घरी काय बोलायचं हे बाईंनी सांगितलं तर शांतपणे ऐका आणि घरी येऊन अहिराणीत बोला. मराठीत नव्हे, अहिराणीत. तिच्या आजीलाही फोनवर तीच बोलू द्या.

आणि मुलीच्या दाखल्यावर आडनाव आहे का, ते आजच बघा.