वर्गणी जमली, पुढे काय?

देणग्या आणि मदतनिधीबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली. मी नौपाड्यात राहते, विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. पावतीपुस्तक दिसलं की मागचं पान उलटायची सवय अजून सुटलेली नाही. कुठे सूर कडक लागला तर सांभाळून घ्या.

ताई, आमच्या सोसायटीने दिवाळीत शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीसाठी १ लाख ४० हजार रुपये जमवले. ज्येष्ठ मंडळी म्हणतात ब्लँकेटं आणि फराळ वाटू, तरुण म्हणतात पाण्याची टाकी बसवू. डिसेंबरात बस करून सगळे जाणार आहोत. तुम्ही कोणाच्या बाजूने?
— सेक्रेटरी, घोडबंदर रोड, ठाणे

अजून तरी कोणाच्याच नाही. वाडीतल्या कोणाला विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही.

आधी डिसेंबरचं बघू. दिवाळी उरकली की कातकरी वाड्यांमधल्या बऱ्याच घरांना कुलपं लागतात. माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे किंवा आणखी लांब, आणि पावसाच्या तोंडावर परततात. आधीच्या पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला अख्खं कुटुंब जातं, शाळेतली पोरंही. तुमची बस पोचेल तेव्हा वाडीत म्हातारी माणसं भेटतील आणि ब्लँकेटं उरतील. उरलेली मग वाटेतल्या पुढच्या वाडीत उतरवली जातात. तिथे कालच दुसऱ्या कोणाची बस येऊन गेलेली असते.

ब्लँकेट हवंच असेल तर ते भट्टीवर, प्लास्टिकच्या कागदाखाली झोपणाऱ्याला हवं असतं. तिथे फराळाच्या पुड्या घेऊन जाऊन पाहा, मालक कसं स्वागत करतो ते. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. श्रमजीवी संघटनेने आपल्या जिल्ह्यात या वेठबिगारीविरुद्ध ऐंशीच्या दशकापासून लढे दिले आहेत. उचल मात्र अजून चालू आहे, कारण श्रावणातली चूल पेटवायला दुसरं कोणी पैसे देत नाही.

तुमची रक्कम कामाला येईल ती इथे. वाडीत बायकांचा बचत गट चालत असेल तर त्यांना विचारा, जून ते ऑगस्टपुरतं धान्य उसनं देऊन भातकापणीनंतर किंवा मजुरी हातात आल्यावर परत घेण्याची सोय चालवाल का. धान्य बँक म्हणतात तिला. वही त्यांच्यातलीच कोणी ठेवेल, भाव त्या ठरवतील, वसुलीला त्याच जातील. त्या नाही म्हणाल्या तर तेही उत्तर आहे. गटात भांडणं असतील, आधीच्या कोणी अशीच बँक काढून बुडवलेली असेल, हे आपल्याला ठाण्यात बसून कळत नाही.

दुसरी गरज फोटोत येत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही: कागद. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वी महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि सातबाऱ्यावर कधी नाव लागलं नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? गृहचौकशी होते, पण त्यासाठी प्रांत आणि तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. कातकरी ही केंद्राच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात. तिच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली, त्यात घर, रस्ता, नळ सगळं आहे. पण आधार, रेशनकार्ड, दाखला हातात नसेल तर नाव यादीत चढायला अडतं. तुमच्या सोसायटीत एक-दोन निवृत्त महसूल कर्मचारी नक्की असतील. १ लाख ४० हजारांपेक्षा त्यांचे चार महिन्यांचे गुरुवार वाडीला जास्त उपयोगी पडतील, आणि त्यांनाही घरी बसून टीव्ही पाहण्यापेक्षा बरं.

आता टाकी. शहापूर तालुक्यात पाणी नाही असं नाही. तानसा धरण १८९२ चं आहे, मोडकसागर आहे, भातसा आहे. मुंबई त्यांच्यावर जगते, आणि ठाण्याच्या नळाला येणारं पाणीही बरंचसं भातसेचं. त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये टँकरच्या मागे हंडे धावतात. हे लक्षात ठेवून गेलात तर ‘आम्ही त्यांना पाणी देतोय’ असं वाक्य फलकावर लिहिताना हात जरा अडखळेल. तरुणांना म्हणावं, काळी टाकी विकत घेणं सोपं आहे, तिच्यात पाणी कुठून पडणार ते सांगा. विहीर मार्चमध्ये आटते का? मोटरचं वीजबिल कोण भरणार? जागा गावठाणाची, वनखात्याची की कोणा शेतकऱ्याची? जलजीवन मिशनमधून तिथेच काम मंजूर होऊन अर्धवट पडलंय का? हे सगळं ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे विचारता येतं. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायदा लागू आहे; म्हणजे गावच्या कामाचा ठराव ग्रामसभेत व्हायला हवा आणि पाड्याची वेगळी ग्रामसभाही असू शकते. सरपंचांशी फोनवर बोललो, एवढ्याने भागत नाही. आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी वेगळं बोला. पुरुषांना विचारलंत तर टाकी रस्त्यालगत येते, कारण तिथून ती दिसते.

तेव्हा बस रद्द करा. दोघा-तिघांनी, त्यात एक तरी बाई, बॅनर न घेता आसनगावपर्यंत लोकलने जा आणि तिथून जीपने. माणसं भट्टीवरून परतल्यावर, मेअखेरीस, पुन्हा जा. तोवर पैसे सोसायटीच्या खात्यात वेगळे ठेवा. कुरकुर होईल, ‘पैसे दिले त्याचं काय झालं’ असं लिफ्टमध्ये ऐकावं लागेल. ऐकून घ्या. पुढे सगळ्यांना वाडी पाहायचीच असेल तर बसभाडं ज्याने त्याने खिशातून द्यावं, निधीतून एक रुपया नाही. मी तपासलेल्या हिशेबांत ‘प्रवास व अल्पोपाहार’ हे शीर्षक इतक्यांदा सगळ्यात जाड निघालंय की आता मी वही तिथूनच उघडते.

आणखी एक, ज्यावर माझं कायम भांडण होतं. आपण हिशेब नोटीस बोर्डावर लावतो, देणगीदारांना मेल करतो, पण ज्यांच्या नावाने पैसे गोळा केले त्यांना कधी दाखवत नाही. वाडीच्या नावावर किती जमले, कशावर गेले, किती उरले, हे समाजमंदिरात किंवा झाडाखाली बसून मोठ्याने वाचून दाखवा. ‘त्यांना काय कळतंय’ असं म्हणणारा एक जण निघेलच. महिनाभरात किती विटा पाडल्या आणि मालकाने किती लिहिल्या यातला फरक ज्या बाईच्या तोंडपाठ असतो, तिला तुमचं एका पानाचं पत्रक नक्की कळेल.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा मुलगा ९ वर्षांचा, महापालिकेच्या शाळेत आहे. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय, ट्रस्टच्या एका रुग्णालयाने ३ लाखांचा अंदाज दिलाय. कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मावशींचा क्यूआर कोड टाकू का?
— एक वाचक, नेरूळ

थांबा. आधी शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने मुलाला तपासलंय का. अंगणवाडी आणि सरकारी-अनुदानित शाळांतल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया या कार्यक्रमातून मोफत होतात. दुसरं, रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का बघा. असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन त्याच्याकडे जायचं.

तिसरं, ते रुग्णालय ट्रस्टचं आहे असं तुम्हीच लिहिलंय. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. बिलिंग काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. वैद्यकीय समाजसेवकाची खोली शोधायची आणि अर्ज लेखी द्यायचा. खाट शिल्लक नाही म्हणाले तर तेही लेखी मागायचं. या टप्प्यावर बऱ्याचदा खाट सापडते.

एवढं करूनही वर्गणी लागेलच, फक्त वेगळ्या कारणासाठी. योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. मावशी महिनाभर सात घरांची कामं सोडून रुग्णालयात बसतील, त्याचा पगार कोणतीच योजना देत नाही. रिक्षा, घरी परतल्यावरची औषधं, राहिलेलं भाडं, यासाठी ग्रुपवर मागा. किती हवेत तो आकडा लिहा, तेवढे जमले की ‘आता पाठवू नका’ असं लिहा, आणि उरले तर कशाला जातील ते आधीच मावशींना विचारून ठरवा. रुग्णालयाला काही भरायचं असलंच तर थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा. मुलाचा नळ्या लावलेला फोटो टाकू नका. तो उद्या त्याच कॉम्प्लेक्समध्ये आईला हाक मारायला येणार आहे.

आणि सात घरांपैकी तुमचं एक घर. त्या महिन्याचा पगार कापणार नाही, हे तुम्ही ग्रुपवर सगळ्यात आधी लिहा. बघा बाकीची सहा काय करतात.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो, आता तिकडचा नागरिक झालाय. जव्हारजवळच्या एका छोट्या संस्थेच्या वसतिगृहाला पैसे द्यायचे म्हणतोय. माझ्या खात्यात पाठवील, मी पुढे देईन. चालेल ना?
— निवृत्त शिक्षक, वाशी

नाही चालणार, गुरुजी. पुतण्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणजे त्याची देणगी परकीय. मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी परकीयच. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, संस्था जव्हारची असली तरी. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने घेऊन लहान संस्थेला द्यावे, ही वाटही त्याच दुरुस्तीने बंद झाली. दिल्लीतल्या त्या शाखेत खातं उघडायची कागदपत्रं जुळवणं पाड्यातल्या तीन माणसांच्या संस्थेला किती जड जातं ते मी पाहिलंय. कायदा पटो न पटो, तुमच्या खात्यातून पैसे वळवलेत तर अडचणीत ती संस्था येईल, पुतण्या नाही.

कुटुंबात कोणी दुबईत किंवा लंडनमध्ये असेल आणि पासपोर्ट अजून भारताचाच असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय धरत नाहीत. पासपोर्टची प्रत संस्थेकडे ठेवायची, एवढंच. पुतण्याला म्हणावं, नोंदणी असलेली संस्था निवड, नाहीतर तिकडच्या मराठी मंडळींच्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेकडे चौकशी कर.

आमचं गणेशोत्सव मंडळ नोंदणीकृत नाही. यंदा वर्गणीतून उरलेले पैसे येऊरच्या पाड्यातल्या मुलांसाठी द्यायचेत. काही कायदेशीर भानगड?
— कार्यकर्ता, वर्तकनगर

वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची, विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१क खालची परवानगी घेतली होती ना? मग हिशेबही तिथेच सादर करायचा, त्यात ही रक्कम दाखवायची. परवानगी उत्सवासाठी काढली आणि पैसे दुसरीकडे दिले, असं होऊ नये म्हणून पुढच्या वर्षी अर्जातच ‘शैक्षणिक मदत’ हा उद्देश लिहा आणि पावतीवरही छापा. दप्तरं घेण्याआधी शाळेत विचारा. पुस्तकं आणि गणवेश सरकारकडून मिळतात, आणि नगरसेवकांच्या फोटोची दप्तरं तर येऊरला चिक्कार पोचतात.

संस्थेला ५,००० रुपये रोख आणि जुने कपडे दिले. ८०जी च्या करसवलतीत दोन्ही धरता येईल का?
— एक वाचक, कोपरखैरणे

दोन्ही नाही. रोख २,००० पर्यंतच चालते, वस्तूंना सवलत नाही. शिवाय नव्या करप्रणालीत गेला असाल तर ८०जी मिळतच नाही, मग पावती फक्त आठवण म्हणून ठेवा.

ताई, मला पहिली नोकरी लागलीय. महिन्याला ३०० रुपयेच देऊ शकते. एवढ्याने कोणाचं काय होणार?
— वाचक, कळवा

अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून पैसा फंड काढला होता. टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तुझे ३०० त्या मानाने मोठी रक्कम आहे.

मोठ्या संस्थांच्या जाहिराती तुला दिसतात कारण त्यांना जाहिरात परवडते. तू मुरबाड, जव्हार, मोखाड्याकडची लहान संस्था शोध. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद माग. पाठवला तर बरं, आणि कुरकुरत का होईना पण पाठवला तरी बरं. पगारांवर खर्च दिसला म्हणून बिचकू नकोस. पाड्यावर मुक्कामाला राहणाऱ्या कार्यकर्त्यालाही किराणा लागतो. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला, तो याच कामासाठी: त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून.

बँकेत दरमहा आपोआप जातील अशी सूचना देऊन ठेव आणि मार्चची वाट पाहू नकोस. मार्चमध्ये करासाठी सगळेच देतात. संस्थेची तिजोरी रिकामी असते ती जुलै-ऑगस्टमध्ये.