ससा विणून झाला, जोडायचा राहिला

प्रश्न : ताई, सशाचे सगळे भाग विणून वर्ष झालं, पण ते अजून पिशवीतच आहेत. जोडायला बसवतच नाही.

हा आळस नाही. विणताना हात आपोआप चालतात, गप्पा मारता येतात. जोडताना मात्र प्रत्येक टाक्यावर नजर ठेवावी लागते, म्हणून ते काम नकोसं होतं. पुढच्या वेळी जोडकाम शेवटासाठी साठवूच नका. एक पाय विणून झाला की तो शिवा, भरा आणि मगच दुसऱ्याचे टाके घाला. टाके घालतानाच हातभर धागा सोडून ठेवा, शिवायला तोच वापरता येतो. नवा धागा घेतला की लपवायची टोकं वाढतात.

तुमचे भाग तयारच आहेत, तर आता शिवणीकडे वळू. दोन्ही कडा शेजारी ठेवा, सुलट बाजू वर. बोथट टोकाच्या सुईने एका बाजूच्या कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा उचला, मग समोरचा. असं चार-पाचदा झालं की धागा अलगद ओढा. कडा आत वळतात आणि शिवण दिसेनाशी होते. जोरात ओढलात तर चुण्या पडतील.

आधी धड, मग डोकं, मग पाय. मान सैल भरली तर डोकं लटकतं, तिथे भरण दाबून घाला. कान सगळ्यांत शेवटी. ते टाचण्यांनी लावून ससा टेबलाच्या पलीकडे ठेवा आणि लांबून बघा. अर्धं बोट मागे सरकवले तर तो घाबरलेला दिसतो, बाहेर झुकवले तर झोपाळू. मनासारखं दिसेपर्यंत हलवत राहा, इथे घाई करू नका. टाचण्या मात्र मोजून लावा आणि मोजून काढा.

प्रश्न : हत्तीच्या पोटातून आत भरलेलं पांढरं फायबर दिसतं. लोकर बदलू का?

लोकर चांगली आहे, सुई जाड आहे, म्हणून वीण विरळ पडते. लोकरीच्या वेष्टनावरचा सुईचा आकार स्वेटरसाठी असतो. तिथे ४ मिमी लिहिलं असेल तर खेळण्याला ३ किंवा ३.२५ घ्या. क्रोशाने मुक्या खांबात (आखूड, दाट टाक्यात) विणत असाल तरी हाच नियम. आता हत्ती उसवायचा नसेल तर त्याच रंगाच्या पातळ कापडाची पिशवी शिवून आत घाला आणि फायबर त्यात भरा.

प्रश्न : फायबरऐवजी घरातला कापूस चालेल?

धुवायचं खेळणं असेल तर नको. कापूस भिजला की गोळे होतात आणि आतून वाळायला फार वेळ लागतो. फायबर भरलेलं खेळणं कोमट पाण्यात धुऊन, न पिळता टॉवेलमध्ये दाबून वाळवता येतं.

प्रश्न : नात आठ महिन्यांची आहे. अस्वलाला काळी बटणं लावू?

नाही. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत बटणं, मणी, मागे चकती असलेले प्लास्टिकचे डोळेसुद्धा नकोत. विणलेलं कापड ताणतं, चकती भोकातून निसटू शकते आणि तान्ही मुलं सगळं तोंडात घालतात. काळ्या धाग्याने डोळे भरा, तेही डोकं शिवून बंद करण्याआधी, म्हणजे टोकं आतून पक्की करता येतील. डोळे नाकाच्या रेषेत, थोडे लांब-लांब घेतलेत की पिल्लाचा चेहरा येतो.

प्रश्न : मैत्रिणी विकत मागतात. परवाना लागतो का?

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिली आहे. तेव्हा आधी नोंदणीची चौकशी करा, मग ऑर्डरी घ्या. किंमत लावताना बहुतेक जणी फक्त लोकर आणि विणायचे तास धरतात. शिवणं, भरणं, चेहरा काढणं यात अनेकदा विणण्याइतकाच वेळ जातो. त्याचे पैसे बिनधास्त लावा.