ताट झाकून ठेवणाऱ्या मैत्रिणीला खरे सांग

मंडणगड तालुक्यातून दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकायला आलेल्या एका मुलीने लांबलचक पत्र लिहून विचारले आहे की, प्रात्यक्षिके, वसतिगृह आणि मैत्रिणींचा गोतावळा यांत आपले मुसलमानपण टिकवायचे कसे. नमाज, ओढणी, कुवेतहून येणारे वडिलांचे फोन यांवर तिने सविस्तर लिहिले आहे. एक गोष्ट मात्र ओझरती आली आहे : रमजानमध्ये खोलीतल्या मैत्रिणीला ती ‘पोट बरे नाही, नंतर जेवते’ असे सांगे, मैत्रीण मेसमधून ताट आणून झाकून ठेवी, आणि ते हिला गुपचूप टाकून द्यावे लागे.

मुली, नमाजाचा प्रश्न तुला वाटतो तेवढा अवघड नाही. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ दुपारी साडेबारा-पाऊणपासून साडेतीन-चारपर्यंत असते आणि चार रकात फर्जला, म्हणजे त्यातल्या सक्तीच्या चार आवर्तनांना, दहा मिनिटेही लागत नाहीत. ओढणीचे तुझे तू ठरव. त्यासाठी माझ्यासारख्या परक्या बाईची परवानगी कशाला?

मला राग आला तो त्या ताटावरून. जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, तू लहानपणापासून ऐकली असशील, आणि तरीही रोजा तोंडात असताना तू रोज खोटे बोललीस, वर भात टाकलास. हे सारे कोणाच्या भीतीने? त्या मुलीने तुला एक वाकडा शब्द बोलल्याचे तुझ्या पत्रात कुठेही नाही; उलट तिचा सोमवार असतो तेव्हा मीच तिच्यासाठी केळी आणते, असे तू लिहितेस. तिने आपला उपवास न लाजता सांगितला म्हणूनच तुला केळी आणता आली ना? तिला काहीच कळले नसेल, हेही मला पटत नाही. पहाटे अंधारात बिस्किटे खाणारी मैत्रीण एकाच खोलीत राहून कोणाला कळत नाही? ते ताट कदाचित ती तुझ्या संध्याकाळसाठीच ठेवत असेल.

पुढच्या रमजानची वाट पाहू नकोस. पाळीमुळे सुटलेले रोजे तुला त्याआधी भरायचेच आहेत, आणि कोकणात बहुतेकांचा असतो तसा तुझ्याही घरचा मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचा पंथ, शाफई असेल, तर पुढच्या रमजानपलीकडे विनाकारण लांबवल्यास फिद्याही, म्हणजे गरिबाला अन्नदानाची भरपाईही, द्यावी लागेल. पहिला कजा, म्हणजे सुटलेला भरून काढण्याचा, रोजा याच आठवड्यात धर, आणि आदल्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी तिला सांग की उद्या माझा रोजा आहे, रमजानमध्येही होता, आणि तू ठेवलेली ताटे मी टाकली. शेवटचे वाक्य गाळायचे नाही. ती चिडून दोन दिवस बोलली नाही तर ते मुकाट्याने सोस. तेवढे चिडण्याचा तिला हक्क आहे.