आमचं सगळं काम क्लाउडवर आहे, इंटरनेट प्रोव्हायडर बदलताना काय काळजी घ्यावी?

जुनी लाईन लगेच तोडू नका, बाकी सगळं नंतर. निदान महिनाभर दोन्ही कनेक्शन चालू ठेवा, डबल बिल जाईल, जाऊ द्या. मी ते वाचवायला गेलो आणि तोंडावर आपटलो.

झालं असं की शनिवारी नवीन फायबर आलं, स्पीड टेस्ट एकदम झकास, मी त्याच दिवशी जुनं बंद करायचा मेल टाकून मोकळा. सोमवारी सकाळी बघतो तर वेबसाइट उघडतायत, मेल येतायत, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर नुसतं गोल गोल फिरतंय आणि मग 'कनेक्शन टाइम्ड आउट'. राऊटर रीस्टार्ट करून झाला, केबल बदलून झाली, नवीन कंपनीवाल्यांना उगाच चार शब्द सुनावून झाले, आणि दुपारी ट्यूब पेटली की क्लाउडवरच्या डेटाबेसच्या फायरवॉलमध्ये (कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी) फक्त आमचा जुना स्टॅटिक आयपी (त्या कनेक्शनचा न बदलणारा इंटरनेटवरचा पत्ता) अलाऊ केलेला होता, तोही कधीतरी मीच टाकलेला! प्रोव्हायडर बदलला की आयपी बदलतो, मोबाईल नंबरसारखा तो पोर्ट करून नेता येत नाही.

म्हणून आधी कागद घेऊन बसा आणि जुना आयपी कुठे कुठे घातलाय ते शोधा. फायरवॉल, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता), पेमेंटची एपीआय (आपलं सॉफ्टवेअर पेमेंटच्या सिस्टीमशी बोलतं तो दुवा), सगळीकडे. ऑफिसातच एखादा सर्व्हर असेल आणि डोमेन त्याच्याकडे वळवलेलं असेल तर डीएनएसचा (कुठलं डोमेन कुठल्या आयपीवर जातं त्याची नोंद) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद बाकीचे किती वेळ धरून ठेवतात तो आकडा, बघा, बऱ्याचदा 86400 सेकंद म्हणजे अख्खा दिवस असतो, तो दोन दिवस आधीच 300 वर आणून ठेवा. आणि हो, क्लाउडच्या ॲडमिन अकाउंटला जुन्या प्रोव्हायडरनेच दिलेला ईमेल आयडी लावलेला नाही ना? कनेक्शनबरोबर तोही गेला तर पासवर्ड रीसेट करायची लिंक कुठे येणार?

नवीनवाल्याला स्टॅटिक आयपी मिळणार का ते सही करायच्या आधी विचारा. राऊटरमध्ये वॅन आयपी (प्रोव्हायडरकडून राऊटरला मिळालेला आयपी) 100.64 ते 100.127 यातल्या कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे बाहेर दिसणारा आयपी इतर गिऱ्हाइकांबरोबर वाटून घेतलेला, तो अलाऊ करून काही अर्थ नाही.

स्पीडचं म्हणाल तर सगळे डाउनलोडचा आकडा सांगतात, क्लाउडवाल्याला अपलोड लागतो. 20 एमबीपीएस अपलोडवर 50 जीबीचा बॅकअप चढायला साडेपाच तास तरी जातात, आणि तेवढा वेळ व्हिडिओ कॉलवरचा माणूस रोबोटसारखा बोलतो.

शेवटचं बॅकअप लाईनचं. 99.9 टक्के अपटाइम ऐकायला भारी वाटतं पण त्यातही महिन्याला 43 मिनिटं बंद राहायची मुभा आहे. ड्युअल वॅन राऊटर (दोन इंटरनेट लाईन जोडता येणारा) घेऊन दुसरी लाईन जोडा, ती शक्यतो मोबाईल नेटवर्कची, कारण दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर केबल एकाच खड्ड्यातून गेलेल्या असू शकतात आणि जेसीबी काही कंपनी बघून खोदत नाही. जोडलीत की कामाच्या वेळेत मेन केबल उपटून बघा. मी उपटली, नेट मस्त चालू राहिलं, आणि बिलिंग पुन्हा गोल गोल. बॅकअप लाईनचा आयपी अलाऊ करायचा राहिला होता.