मॅच झालं नाही तर?

प्रश्न : ताई, आम्ही जुन्या नाशकात राहतो. धाकट्याला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. वय ५. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला न्यावं लागतं, त्यात अख्खा दिवस जातो. थोरली ९ वर्षांची, फार समजूतदार. त्या दिवशी शाळेतून परस्पर शेजारच्या काकूंकडे जाते. गेल्या रंगपंचमीला रक्ताची तारीख आली आणि तिला तिवंध्याची रहाड (रंगाच्या पाण्याने भरलेला जुना हौद) बघायला न्यायचं राहिलं, तरी काही बोलली नाही. हल्ली मात्र नेमकं रक्ताच्या दिवशी तिचं पोट दुखतं. तपासलं, काही निघालं नाही. आता तिचा बोन मॅरो (हाडातला मगज, ज्यात रक्त तयार होतं) भावाला जुळतो का हे बघायला तिची एचएलए तपासणी आहे. परवा काकूंना म्हणाली, "मॅच झालं नाही तर आई रागावेल का?" तिला काय सांगू?
– एक आई, नाशिक

उत्तर : "नाही रागावणार" हे आज रात्रीच सांगा, तुम्ही आणि तिचे बाबा दोघांनी मिळून. तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. मुलांच्या वॉर्डात समुपदेशनाचं काम करताना मी हे फार पाहिलं आहे : मोठी माणसं स्वयंपाकघरात हळू बोलतात, बाहेर अभ्यासाला बसलेली पोर अर्धंमुर्धं ऐकते आणि उरलेलं आपल्या भीतीने पुरं करते.

मग हे जुळणं कसं ठरतं ते दाखवायला चार वेगवेगळ्या रंगांच्या बांगड्या घेऊन बसा. आईच्या दोन, बाबांच्या नावाच्या दोन. प्रत्येक मुलाला आईची एक आणि बाबांची एक मिळते. भावाला मिळाल्या त्याच दोन्ही तिलाही मिळाल्या असतील तर मॅच. सख्ख्या भावंडांत ही शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. न जुळणंच जास्त वेळा होतं, आणि ते तिच्या जन्माआधीच ठरलेलं आहे. हे तिला स्वतः मोजू द्या.

जुळलं तर पुढे काय, तेही लपवू नका. भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, नंतर काही दिवस दुखतं, आणि शरीर तेवढा मॅरो काही आठवड्यांत पुन्हा तयार करतं. "अजिबात दुखणार नाही" असं कृपा करून म्हणू नका. भावावर उपचार करणाऱ्यांखेरीज, फक्त तिचा विचार करतील अशा एका डॉक्टरांशी तिची भेट घालून द्या. भीती वाटते, नको वाटतं, हे तिला तिथे मोकळेपणी बोलता आलं पाहिजे.

पोट तिचं खरोखर दुखतं. त्याला नाटक समजू नका. सुट्टीत एकदा तिला रक्ताच्या दिवशी सोबत न्या. ती पिशवी, ती सुई, गोष्टी ऐकत पडलेला भाऊ हे सगळं तिने पाहिलेलं बरं. आणि "किती समजूतदार" ही शाबासकी आता थांबवा, तिच्यापायी ती रडू गिळते आहे. वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगून ठेवा. बाबांनी मधूनमधून रविवारी सकाळी तिला एकटीला सोमेश्वरला न्यावं, मिसळ खाऊ घालावी. त्या वेळात भावाचा विषय तिने काढला तरच.

रहाडीबद्दल मला तिचं फार वाईट वाटलं. येत्या रंगपंचमीला तारीख आडवी येत असेल तर ती एक-दोन दिवस मागेपुढे करता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

थॅलेसेमियाचा दोष तिच्याकडेही आला आहे का, हे सांगणारी वाहक तपासणी (एचबीए२ ही रक्ततपासणी) झाली नसेल तर तीही करून घ्या. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, आणि वाहक भावंडालाही मॅरो देता येतो.

एचएलएचा रिपोर्ट आला की नातेवाईकांना फोन करण्याआधी तिला सांगा. त्यानंतरही पोटदुखी राहिली तर तिला बालसमुपदेशकाकडे न्या.